इंधनाचा रकाना

मोटारीच्या नोंदणीपत्रकात मालकाचे नाव, गाडीचा रंग, आसनांची संख्या, इंजिनाचा आणि सांगाड्याचा क्रमांक अशा निरुपद्रवी मजकुराच्या रांगेत ‘इंधन’ नावाचा एक चिमुकला रकाना अंग चोरून बसलेला असतो; आणि माणसाचा संसार बुडवण्याची जी शक्ती ह्या रकान्यात आहे ती सावकाराच्या खातेवहीतही नाही, हे एकतीस वर्षे हायस्कुलात पदार्थविज्ञान शिकवूनही, निवृत्तिवेतनाची आणि पेट्रोलच्या दराची समोरासमोर गाठ पडेपर्यंत, माझ्या ध्यानात आले नव्हते. गेल्या उन्हाळ्यात नोंदणीच्या नूतनीकरणासाठी मी एका कचेरीत गेलो. ‘एमएच 27’ ह्या अक्षरांनी सुरू होणारे माझे जीर्ण पत्रक मेजावरच्या कारकुनाने दोन बोटांत धरून असे न्याहाळले, की जणू एखाद्या परागंदा इसमाचा वारसदाखलाच त्याच्यापुढे आला असावा. मी सहज विचारले, “ह्या रकान्यातले पेट्रोल खोडून दुसरे काही लिहिता येते का?” त्याने मान वर न करता उत्तर दिले, “येते न जी, मास्तर. कायदाच हाय तसा. पन पेट्रोल खोडून लिवाचं काय, थे पयले ठरवून या.”

एवढ्याशा सवालाच्या जबाबासाठी मला दर्यापूरचा अख्खा उन्हाळा खर्ची घालावा लागला.

कोणतीही चौकशी करायची तर आधी माप हवे. मोटारीची ताकद अश्वशक्तीत मोजतात. जेम्स वॉट ह्या स्कॉटिश गृहस्थाने आपली वाफेची यंत्रे खपवण्यासाठी, गिऱ्हाइकाला ती आपल्या घोड्यांशी ताडून पाहता यावीत म्हणून, अठराव्या शतकात हे माप रूढ केले आणि त्याच्या मुलखात ते शोभलेही. परंतु ज्या वऱ्हाडात घोडा हा प्राणी नवरदेवाला घाबरवण्याकरिता मुहूर्तापुरता भाड्याने आणला जातो, तिथे सामर्थ्याचे माप त्याच्या नावाने चालावे हा पोळ्याला सजून तोरणाखाली उभ्या राहणाऱ्या आणि तळेगाव दशासरच्या शंकरपटात जीव तोडून धावणाऱ्या बैलावर उघड अन्याय आहे. म्हणून मी ‘बैलशक्ती’ हे माप मुक्रर केले. बैल दिवसभर न कुरकुरता जी ताकद लावतो ती ढोबळ मानाने अर्धी अश्वशक्ती. माझ्या गाडीची ताकद कागदावर 37 अश्वशक्ती आहे. म्हणजे ती 74 बैलांची झाली. हे 74 बैल जोडीजोडीने एका ओळीत जुंपून मी भाजी आणायला निघालो, तर पुढची जोडी बाजारात कोथिंबीर खात असेल तेव्हा मी अजून अंगणातच बसलेला असेन. एका लिटर पेट्रोलात जी उष्णता कोंडलेली असते तिची गोळाबेरीज एका बैलाच्या तीन दिवसांच्या राबण्याइतकी भरते, आणि त्यातले सुमारे सव्वादोन दिवसांचे राबणे इंजिन नुसतेच गरम होऊन हवेत उधळून टाकते, हे गणित मी घरात मांडले तेव्हा ह्या वर्णनात कोणत्याही नातेवाइकाचा संबंध नाही, असा खुलासा मला स्वतंत्रपणे करावा लागला.

पहिला मान अर्थातच सूर्यनारायणाचा. उन्हाच्या बाबतीत आमचा प्रांत कोणाचे देणे लागत नाही. मे 2024 मध्ये शेजारच्या अकोल्यात पारा 45 अंशांच्या वर चढला, तेव्हा तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांनी कलम 144 जारी केले. दंगल नव्हती, मोर्चा नव्हता, केवळ ऊन होते. कामगारांना सावली-पाणी मिळावे आणि खाजगी शिकवण्यांनी भर दुपारी वर्ग भरवू नयेत असा त्या हुकुमाचा मतलब होता हे मला ठाऊक आहे. तरीही ज्या सूर्याविरुद्ध सरकारला जमावबंदीच्या कलमाचा आधार घ्यावा लागतो, त्याला एक चारचाकी ओढायला जड जाऊ नये अशी माझी समजूत झाली. दुर्दैवाने मी आकडेमोड केली. भर दुपारी एक चौरस मीटर जागेवर सुमारे 1000 वॉट ऊन पडते. माझ्या गाडीचे छत दोन चौरस मीटरांचे. आणि छतावर बसवायचे सौर पत्रे त्यातला पाचवा हिस्सा पदरात घेतात. म्हणजे झाले 400 वॉट. पुन्हा हे पत्रे इतके नाजूक प्रकृतीचे, की त्यांना ऊन हवे पण उष्मा नको. अंगातली उष्णता 25 अंशांच्या वर गेली, की दर अंशामागे सुमारे पाव ते अर्धा टक्का काम कमी करतात. शासकीय नोकरीत मुरलेली माणसेही इतक्या नियमितपणाने काम कमी करत नाहीत. जो सूर्य सबंध जिल्ह्याला दुपारी घरात कोंडतो, तो गाडीवर बसवला असता जेमतेम एका बैलाचे काम करतो, आणि तोही दुपारी विसावा मागणारा बैल!

मग पाण्याकडे वळलो. ह्या मुलखाबाहेरच्या वाचकांना सांगितले पाहिजे, की दर्यापूर हे पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात वसलेले आहे. अमरावती, अकोला आणि बुलडाणा ह्या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या ह्या पट्ट्यात जमिनीखालचे पाणीच खारे. पिकाला द्यावे तर जमीन बिघडते, प्यावे तर मूत्रपिंड तक्रार करते, आणि डाळ शिजवावी तर ती अशी काही हट्टाने कडक राहते, की आपण डाळ शिजवत नसून तिची उलटतपासणी घेत आहोत असे वाटावे. पण ह्याच पाण्याचा एक पराक्रम इतिहासात नमूद आहे. समुद्र शेकडो कोस दूर असूनही 1930 मध्ये वऱ्हाडातल्या लोकांनी मिठाचा कायदा मोडला तो दहीहांड्याच्या खाऱ्या विहिरींच्या पाण्याने. आमच्या शेजारी जिनिंगमधले एक जुने दिवाणजी राहतात. त्यांनी ह्या घटनेवरून मला जो सवाल केला तो बिनतोड होता. “मास्तर, ज्या पान्यानं इंग्रजाचं राज हालवलं, त्यानं तुमची गाडी काहून नाई हालनार?”

ह्यावर मी विहिरीच्या पाण्याचे चार डबे भरले, प्रत्येकात एक तांब्याची आणि एक जस्ताची पट्टी बुडवली, तारा जोडल्या आणि त्यांवर एक चिमुकला दिवा खरोखर लावून दाखवला. गल्लीत दोन दिवस माझी मोठी प्रतिष्ठा होती. परंतु विज्ञानाच्या शिक्षकाला फार काळ स्वतःला फसवता येत नाही. ह्या खटाटोपात पाणी मध्यस्थाचे काम करते आणि खर्ची पडते ते जस्त. तेव्हा पाण्यावर गाडी चालवतो म्हणणारा इसम वस्तुतः भांड्याकुंड्यांवर गाडी चालवत असतो. पाण्याचे पेट्रोल करण्याची भूल काही आमच्याच गल्लीला पडलेली नाही. 1996 मध्ये तामिळनाडूच्या रामर पिल्लै ह्यांनी झाडपाल्याच्या साहाय्याने ती किमया साधल्याचे जाहीर केले, मोठमोठे लोक पाहायला गेले, आणि अखेर 2016 मध्ये न्यायालयाने त्यांना फसवणुकीबद्दल तीन वर्षांची सजा सुनावली. हे ऐकताच दिवाणजींनी आपला डबा निमूटपणे घरी नेला.

गोबर गॅसची सूचना आमच्या मेहुण्यांची. त्यांच्याकडे गुरे आहेत, आणि ज्याच्याकडे जे असते त्यावर जग चालावे असे त्यास वाटणे स्वाभाविकच होय. हिशेब असा: सुमारे 25 किलो शेणापासून एक घनमीटर वायू मिळतो आणि तो साधारण अर्ध्या लिटर पेट्रोलाच्या तोडीचा असतो. दर्यापुराहून अमरावती पन्नासएक किलोमीटर. तेवढ्याला माझ्या गाडीला सव्वातीन-साडेतीन लिटर पेट्रोल लागते. म्हणजे सात घनमीटर वायू, म्हणजे पावणेदोनशे किलो शेण, म्हणजे सतरा-अठरा जनावरांचे एका दिवसाचे एकदिलाने केलेले सहकार्य. परतीच्या प्रवासाकरिता तीच जनावरे दुसऱ्या दिवशी पुन्हा राजी झाली पाहिजेत; तोवर अमरावतीत मुक्काम. शिवाय हा वायू दाबून टाकीत भरायचा तर तो सुमारे दोनशे वातावरणांइतक्या दाबाने भरावा लागतो, आणि तशी यंत्रसामग्री मेहुण्यांच्या गोठ्यात नाही. न दाबता न्यायचा, तर दोन्ही महायुद्धांत इंग्लंड-फ्रान्समध्ये मोटारींच्या डोक्यावर कापडी पिशव्या बांधून त्यांत वायू भरत असत तसे करावे लागेल. सात घनमीटरांची पिशवी म्हणजे गाडीच्या छतावर पुरुषाहून उंच अशी एक फुगलेली गादी. ती घेऊन मी बनोशाच्या रस्त्याने निघालो आहे, विजेच्या तारांखाली गाडी अडली आहे आणि मेहुणे मागच्या आसनावरून गादीला सुईने कोठे भोक पडले ते तपासत आहेत, हे दृश्य मनश्चक्षूंपुढे उभे राहिले आणि मी त्यांना म्हटले, की तुमच्या गुरांना उगाच घाई करू नका.

खरी आशा मला वाटत होती ती सरकीची. कापसाच्या मुलखात राहून इंधनासाठी अरबस्तानाकडे पाहावे, हे चुलीशेजारी बसून शेजारणीकडे विस्तव मागण्यासारखे आहे. 1900 सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात डीझेलच्या पद्धतीचे एक इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवले होते. मग भुईमूग चालतो तर सरकीने कोणाचे घोडे मारले आहे? वनस्पतिजन्य तेलाचा मोठा दोष म्हणजे ते दाट. थंडीत आळसावते, नळीतून उतरता उतरत नाही. हा दोष विलायतेत असेल. आमच्या मे महिन्यात तेलच काय, डांबरसुद्धा स्वतःहून चालू लागते. अडचण एकच होती. माझी गाडी पेट्रोलची आणि सरकीचे तेल मानवते ते डीझेलच्या इंजिनाला. तेव्हा मी प्रयोगापुरते मेहुण्यांचे ओलिताचे इंजिन मागून घेतले, त्यात निम्मे डीझेल आणि निम्मे सरकीचे तेल घातले, आणि ते चालले. अगदी ठणठणीत चालले. परंतु त्याच्या धुराला गरम आलूबोंड्याचा असा काही अस्सल वास येऊ लागला, की पाऊण तासात शेताच्या बांधावर अकरा माणसे जमली, आणि ‘कढई कुठी हाय’ हा त्यांचा प्रश्न टाळता टाळता माझ्या नाकी नऊ आले. त्या दिवशी इंधनाचा खर्च वाचला पण पाहुणचाराचा झाला.

ह्यावरूनच सुचले, की नवे तेल कशाला? सरकारच्या अन्नसुरक्षा खात्याने 2018 पासून तळणाच्या जुन्या तेलाचे डीझेल करण्याची योजना आखली आहे; तळून तळून तेलातले ध्रुवीय घटक 25 टक्क्यांवर गेले, की ते तेल खाद्यपदार्थांसाठी बाद समजावे असा दंडक आहे. मी एका हॉटेलवाल्याकडे जाऊन बाद झालेले तेल मागितले. त्याच्या मुद्रेवर जे आश्चर्य पसरले ते निर्व्याज होते. “बाद?” तो म्हणाला, “तेल संपते, गुरुजी. बाद कायले होईन?”

सरकी हुकली तरी पऱ्हाटी उरतेच. माझे वडील दुसऱ्या महायुद्धातल्या सर्व्हिस मोटारींची हकीकत रंगवून सांगत. पेट्रोलवर नियंत्रण आले तेव्हा देशभर मोटारींच्या पाठीला कोळशाच्या भट्ट्या जडवण्यात आल्या. युक्ती अशी, की कोळसा किंवा लाकूड अपुऱ्या हवेत जाळले म्हणजे कार्बन मोनॉक्साइड आणि थोडा हायड्रोजन असा जळाऊ वायू निघतो; तो गाळून इंजिनात सोडायचा. युरोपात लढाईच्या काळात असल्या भट्ट्यांवर लक्षावधी वाहने धावली. मात्र ह्या वायूत निम्म्याहून अधिक भाग निरुपयोगी नायट्रोजनाचा असल्यामुळे इंजिनाची ताकद तिसऱ्या हिश्शाने, कधी निम्म्यानेही उतरे; आणि निघायच्या आधी भट्टी पेटून वायू धरेपर्यंत जो वेळ जाई तो क्लीनर पंख्याने, उतारू शिव्यांनी आणि ड्रायव्हर नामस्मरणाने घालवत असे. नदीच्या पात्रातून वर चढताना धडधाकट पुरुषांनी उतरावे असा रिवाज होता. वडिलांच्या सांगण्याप्रमाणे एका अनुभवी म्हातारीने दर्यापुराहून निघताना भट्टीच्या झाकणावर दोन वांगी ठेवली होती, आणि वलगाव येईपर्यंत भरताची तयारी झाली होती. एकाच इंधनात प्रवास आणि स्वयंपाक उरकणारे असे दुसरे वाहन माझ्या माहितीत नाही.

कापूस वेचून झाला की उभ्या तालुक्यात पऱ्हाटीचे ढीग पडतात, तेव्हा ही भट्टी पुन्हा लावावी असे मी मनाशी जवळपास पक्के केले होते. तेही दिवाणजींनीच मोडून काढले. कापसाच्या हंगामात ज्या गावाच्या रस्त्यावर रुईचे पुंजके वाऱ्याने लोळत असतात आणि जिथे जिनिंगच्या फाटकात शिरताना खिशातली आगपेटी काढून ठेवावी लागते, तिथे पाठीवर पेटती भट्टी बांधून हिंडणाऱ्या इसमाला कोणत्या कलमाखाली अटक करायची एवढाच प्रश्न उरतो. “इंजनवाली गोष्ट येगळी,” ते म्हणाले, “थे रुळावरून जाये.” त्यांच्या डोळ्यांपुढे शकुंतला होती. मूर्तिजापुराहून निघून आमच्या बनोसा स्थानकावरून अंजनगावमार्गे अचलपूरला जाणारी अडीच फुटी रुळांची ही गाडी इंग्रज कंपनीने वऱ्हाडचा कापूस बाहेर काढण्यासाठी घातली. कापूस मँचेस्टरला जाई, आणि 1921 साली मँचेस्टरमध्ये बांधलेले वाफेचे इंजिन इकडे आले. ते 15 एप्रिल 1994 रोजी डीझेलला जागा देऊन निवृत्त झाले. मूर्तिजापूर ते अचलपूर हे 76 किलोमीटर ती सुमारे चार तासांत कापी. उलट 2022 च्या जून महिन्यात अमरावती-अकोला महामार्गावर 75 किलोमीटर लांबीचा डांबरी पट्टा 105 तास 33 मिनिटांत अखंड घालून जागतिक विक्रम करण्यात आला. रस्ता इतक्या घाईने होतो, आणि त्यावरून जायला निघालेला मी अजून इंधनच शोधतो आहे.

हवेवरच्या मोटारीचे मात्र मला खरोखर वाईट वाटते. 2007 मध्ये टाटांनी एका फ्रेंच संशोधकाच्या कंपनीशी दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या गाडीचा करार केला होता, आणि त्या गाडीची गंमत अशी, की दाबलेली हवा मोकळी होताना थंड पडत असल्यामुळे तिच्या धुराड्यातून गार वारा येतो. ती बाजारात आली असती तर वऱ्हाडात तिचा तुफान खप झाला असता आणि एकही गाडी रस्त्यावर दिसली नसती. सगळ्या माजघरात, धुराडे पलंगाकडे करून, कूलरच्या जागी उभ्या राहिल्या असत्या. हायड्रोजनचे म्हणाल, तर आमच्या नागपूरचे नितीन गडकरी 2022 मध्ये हायड्रोजनच्या मोटारीतून संसदेत गेले आणि पुढल्या वर्षी त्यांनी निव्वळ इथेनॉलवर चालणारी मोटारही लोकांपुढे आणली. परंतु दर्यापुरात हायड्रोजन भरून देणारा पंप नाही, आणि इथेनॉल पेट्रोलात पाचव्या हिश्शाने आधीच मिसळून येत असल्यामुळे त्यासाठी रकाना बदलण्याची माझी गरजही उरली नाही.

उन्हाळा संपत आला तेव्हा हिशेबाच्या वहीत प्रत्येक पानाच्या तळाशी बैलच उभा होता. तेव्हा सरळ त्यालाच का जुंपू नये? ह्याला आधार नाही असे नव्हे. 1930 नंतरच्या मंदीत कॅनडातल्या शेतकऱ्यांना पेट्रोल परवडेनासे झाले, तेव्हा त्यांनी मोटारींची इंजिने काढून त्यांना घोडे जुंपले आणि त्या वाहनाला आपल्या पंतप्रधानांच्या नावावरून ‘बेनेटची बग्गी’ असे नाव ठेवले. आमच्याकडे वर्ध्याला जमनालाल बजाजांच्या एका फोर्ड गाडीला बैल जुंपून तिला ‘ऑक्स-फोर्ड’ म्हणत असत, अशी आठवण जुनी माणसे सांगतात. ती खरी असेल तर परदेशी न जाता ऑक्सफर्ड गाठण्याचा तो सर्वांत स्वस्त मार्ग म्हटला पाहिजे. मी मेहुण्यांकडे एक जोडी मागितली. त्यांनी बैलांना माझ्या गाडीभोवती एक फेरा मारू दिला. मग डावीकडच्या बैलाने मागच्या चाकाला शिंग घासले, उजवीकडच्याने समोरच्या दिव्यात आपले तोंड पाहिले, आणि दोघेही एकमेकांकडे पाहून जे माघारी वळले ते थेट गोठ्यात गेले. मेहुणे म्हणाले, “भाऊजी, थ्याइले नाई पटलं.”

आता खरे काय ते सांगतो. माझ्या गाडीचा स्टार्टर गेली चार वर्षे बंद आहे. ती सुरू होते ती धक्क्याने. धक्का देणारा धडधाकट माणूस त्या काही क्षणांपुरती तीन-चारशे वॉट ताकद सहज लावतो. चार माणसांची मिळून दोन अश्वशक्ती होते, म्हणजे चार बैल. ह्या चौघांना लागते काय, तर दोघांना चहा आणि दोघांना खर्रा. सूर्य, खारे पाणी, शेण, सरकी, पऱ्हाटी आणि हवा ह्या सर्वांची चौकशी करीत असताना ज्याने माझी गाडी रोज हलवली ते हेच एक इंधन होते आणि मी मात्र ते वहीत धरले नव्हते. मी पुन्हा त्या कचेरीत गेलो आणि रकान्यात ‘पेट्रोल व धक्का’ अशी दुरुस्ती व्हावी म्हणून रीतसर अर्ज गुदरला. कारकुनाने अर्ज दोनदा वाचला, बाहेर येऊन गाडी पाहिली, आणि म्हणाला, “मास्तर, अर्ज नामंजूर हाय. पन बसा तुमी, मी लोटतो.”

तेव्हा दर्यापूरच्या बस स्थानकाच्या आसपास पांढऱ्या रंगाची एक जुनी गाडी आणि तिच्यात दुसऱ्या गिअरवर क्लच दाबून आशेने आरशात पाहणारा एक चष्मेवाला म्हातारा दिसला, तर वाचकहो, घटकाभर थांबा. मागून लोटा, आणि उजव्या बाजूला उभे राहा; डावे दार हातात येते.